बाबांच्या गळ्यातला एक स्नायू

माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. जऊळका स्टेशनच्या दोन्ही बाजूंचा रूळ त्यांनी तीस-बत्तीस वर्षं पायी तुडवला. खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि पिशवीत आईने बांधून दिलेली भाकर. जेवायला वेळ असा त्यांना कधी मिळालाच नाही. दोन गाड्यांच्या मधे जी काही उसंत सापडेल तेवढ्यात रुळाकडेला बसून पाच मिनिटांत उरकायचं. ती सवय घरीही सुटली नाही. आई ताट वाढून पाण्याचा तांब्या आणायला वळायची तेवढ्यात त्यांची अर्धी भाकर संपलेली असायची. "कोणी हिसकून राह्यलं का तुमच्यापासून?" असं ती म्हणायची, आणि ते तोंडात घास ठेवूनच हसायचे.

असा माणूस एका भाकरीला पाऊण तास लावू लागला, तेव्हा त्याला काहीतरी झालं आहे हे कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं. माझ्या तर नक्कीच. मी शेलूबाजारच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी पचनसंस्था शिकवताना फळ्यावर तोंड, घसा, अन्ननलिका, जठर अशी आकृती काढतो आणि बाण दाखवतो. गिळण्यावर मी फार तर दोन वाक्यं बोलतो, कारण मुलांना परीक्षेत त्यावर काही विचारत नाहीत.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. मुलगी बाहेरगावी वसतिगृहात, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी, बायको आणि बाबा. पहिली दोन वर्षं मला काही वेगळं जाणवलं नाही. मग त्यांचं जेवण लांबायला लागलं. प्रत्येक घासाला दोन घोट पाणी. घास तोंडात फिरवत बसायचं, मान डावीकडे वळवायची, गळ्याला बोट लावायचं, डोळे मिटायचे. कधीकधी त्यांच्या गळ्यातून गुडगुड असा आवाज यायचा, रिकाम्या होत आलेल्या बाटलीसारखा. मग रात्रीचा खोकला सुरू झाला. पायजम्याची नाडी आवळून आवळून गाठ मारायला जागा उरेना, इतके ते वाळले.

एकदा सकाळी बायको मोरीतून बाहेर आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, बाबांनी काल संध्याकाळी खाल्लेली वालाची भाजी आज पडली तोंडातून. जशीच्या तशी. दाणे सुद्धा ओळखू येतात."

"उलटी झाली असेल," मी म्हणालो.

"उलटी नाही. त्यांनी चूळ भरली न, त्यातून आली."

मी त्यांना ॲसिडिटीची गोळी आणून दिली. काल खाल्लेलं अन्न आज जसंच्या तसं बाहेर येतं, म्हणजे ते पोटात गेलेलंच नाही, हा विचार विज्ञानाच्या शिक्षकाच्या डोक्यात आला नाही.

त्यानंतर वास. शिळ्या, आंबलेल्या अन्नाचा वास त्यांच्या तोंडाला यायला लागला. ते बोलायला जवळ आले की मी नकळत मान मागे घ्यायचो. पुढे पुढे ते नकळत राहिलं नाही. मी त्यांना मंजन बदलून दिलं, चूळ भरायचं औषध आणलं, शेवटी दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, दात हलतात थोडे, पण वास त्याचाच असेल असं सांगता येत नाही. मीच हट्ट धरला, काढून टाका. मागच्या दोन दाढा काढल्या. परत येताना बाबा गालावर हात धरून माझ्यामागे स्कूटरवर बसले होते. घर आलं तेव्हा कापसामुळे बोबडं बोलत ते म्हणाले, "चांगले होते रे थे."

"आतून किडले असतील," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. वास तसाच राहिला.

खोकला आणि वाळलेलं अंग बघून मला टीबीची शंका आली. मंगरूळला दवाखान्यात नेऊन थुंकी तपासायला दिली. त्याच दिवशी घरी येऊन मी बाबांचं ताट वेगळं केलं. बायकोने सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. कंपासच्या टोकाने मी एका स्टीलच्या ताटामागे बारीक फुली काढली, तशीच एका पेल्याच्या बुडाला, आणि दोन्ही मागच्या पडवीतल्या खिडकीत ठेवले. रिपोर्ट येईपर्यंत खबरदारी, असं मी बायकोला म्हटलं. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

रिपोर्ट आला. थुंकीत काही निघालं नाही. पुन्हा एकदा तपासली, तेव्हाही नाही. बायकोने विचारलं, "मग ताट आत घेऊ?"

"राहू दे," मी म्हणालो. "खोकला तर आहेच न."

त्या दिवशी मला नक्की माहीत होतं की ते ताट आता रोगासाठी वेगळं नव्हतं. वासासाठी होतं. मला माझ्या बापाची किळस यायला लागली होती, आणि खबरदारी हा शब्द त्यावर झाकायला बरा होता.

पुढचं सगळं पायरी पायरीने झालं. "बाबा, तुम्हाला वेळ लागतो, तुम्ही आमच्या आधी जेवून घेत जा," असं मी म्हटलं, आणि ते साडेसहालाच पडवीत एकटे जेवू लागले. शाळेतले सहकारी घरी येणार असले की मी म्हणायचो, "बाबा, तुम्ही आतल्या खोलीत आराम करा." ते आराम करायचे. एकदाही त्यांनी मला काहून म्हणून विचारलं नाही. तेही माझ्या सोयीचंच झालं.

मग जयंतीचा दिवस आला. विहारासमोर मांडव घातला होता. पुरी, आलुवांग्याची भाजी, बुंदी. बाबा निळा कुर्ता घालून आले होते. गावातली जुनी माणसं त्यांना मानत. एकाने हात धरून त्यांना पंगतीत बसवलं. मी पलीकडे वाढत होतो. थोड्या वेळाने तिकडे गडबड ऐकू आली. बाबा जोरात खोकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चावलेली पुरी नाकातोंडातून परत पत्रावळीवर, कुर्त्यावर पडली होती. शेजारचा माणूस पत्रावळ घेऊन बाजूला सरकला. एक बाई मुलाला उचलून उठली.

मी हातातली बादली ठेवली, त्यांना दंडाला धरून उठवलं आणि मांडवाच्या मागे नेलं. पाणी दिलं नाही. पाठीवर हात ठेवला नाही. "गिळता येत नाही तर पंगतीत बसता कायले?" असं म्हणालो. हळू म्हणालो, कारण लोकांनी ऐकू नये असं वाटत होतं.

बाबांनी उपरण्याने कुर्ता पुसला. "चुकलं बाप्पा," ते म्हणाले.

त्यानंतर ते कोणाकडेही जेवायला गेले नाहीत.

माझी मोठी बहीण मानोऱ्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पावसाळा सरता सरता तिला चार दिवस सुट्टी मिळाली आणि ती बाबांना भेटायला आली. पहिल्याच संध्याकाळी ती पाणी प्यायला म्हणून मागे गेली आणि पडवीत बाबा एकटे ताट घेऊन बसलेले तिने पाहिले. आत येऊन तिने मला विचारलं, "बाबाचं ताट बाजूले काहून?"

"त्यांना वेळ लागतो जेवायला."

"थे इचारलं नाई मी. खिडकीत काहून ठेवलं म्हनते मी."

मी खोकल्याचं सांगितलं. खबरदारीचं सांगितलं. रिपोर्टचं तिने स्वतःच विचारलं आणि मला खरं सांगावं लागलं. तिचा आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं.

"लहानपनी पाटलाच्या वावरात बाबाले वरून पानी टाकत," ती म्हणाली. "दोन्ही हाताची ओंजय करून पेत थे. भाकर हातावर टाकत, हात लागू देत नोते. तुले मालूम हाय न?"

"माहीत आहे."

"मालूम अशीनच. शायेत भाषनात सांगतं तू."

खरं होतं ते. दरवर्षी शाळेत ते भाषण मी करतो. बापाच्या ओंजळीत वरून पडणाऱ्या पाण्याचं वर्णन मला चांगलं जमतं, मुलं अगदी गप्प होऊन ऐकतात, टाळ्याही पडतात. ताट वेगळं केलं त्या वर्षीसुद्धा मी ते केलं होतं. आणि बोलताना माझा आवाजही भरून आला होता.

ताई मग उठून पडवीत गेली आणि बाबांसमोर मांडी घालून बसली. मी दारात उभा होतो. ती नुसती बघत होती, लहान मुलांचं जेवण बघायची सवय असलेल्या बाईसारखी. बाबांनी घास घेतला, चावला, थांबले, मान वळवली, डाव्या बाजूला गळ्यावर बोट दाबलं. गुडगुड आवाज झाला.

"बाबा, थे बोटानं काय करता?"

"दाबलं का उतरते माय."

"अन नाई दाबलं तर?"

"मंग तठीच राह्यते. गोया झाल्यावानी."

"आन कदी उतरते मंग?"

"कदी उतरते, कदी रातच्याले परत येते तोंडात."

तीन प्रश्नांत ताईला जे कळलं ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, कारण मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "हे पोटाचं नाई अन छातीचंई नाई," ती मला म्हणाली. "गयाचं हाय. अकोल्याले घशाच्या डॉक्टरले दाखव. उद्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या बसने अकोल्याला गेलो. घशाच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक एक्स-रे काढायला सांगितला. त्यात खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायला देतात आणि ते घशातून उतरताना पडद्यावर दिसतं. मला काचेपलीकडे उभं राहू दिलं. बाबांनी घोट घेतला. पांढरा गोळा जिभेमागून घशात आला, खाली गेला आणि जिथे अन्ननलिका सुरू होते तिथे अडला. मागून घसा ढकलत होता, दोनदा, तीनदा. एक बारीक रेघ खाली उतरली. बाकीचं सगळं मागे घसरलं आणि मानेच्या मणक्यांच्या पुढे, लिंबाएवढ्या एका पिशवीत जाऊन बसलं. बाबांनी तिकडे बोट गळ्याकडे नेलं, दाबलं, आणि पिशवीतलं थोडंसं परत वर आलेलं मला दिसलं.

डॉक्टरांनी कागद घेऊन आम्हाला आकृती काढून दाखवली. माझ्या फळ्यावरच्या आकृतीत जिथे नुसता बाण असतो, तिथे त्यांनी एक आडवा पट्टा काढला. "हा एक लहानसा स्नायू आहे. क्रिकोफॅरिंजियस म्हणतात. कंठाच्या तळाशी अंगठीसारखी एक कूर्चा असते. तिच्या एका बाजूपासून हा निघतो, मागून वळसा घालतो आणि दुसऱ्या बाजूला येऊन चिकटतो. अन्ननलिकेच्या तोंडाला घातलेला फास समजा. बहुतेक स्नायू कामाच्या वेळी आवळतात, एरवी सैल असतात. याचं उलटं आहे. हा एरवी आवळलेला असतो, म्हणून श्वास घेताना हवा पोटात जात नाही आणि खालचं वर येत नाही. घास आला की तो क्षणभर सैल होतो. तेवढ्यातच कंठ वर आणि पुढे उचलला जातो, वाट उघडते, घास जातो, की हा पुन्हा बंद. कंठावर बोट ठेवून आवंढा गिळून बघा."

मी बोट ठेवलं. ताईनेही. कंठ वर गेला, खाली आला. आयुष्यभर दिवसातून किती वेळा होत असेल हे, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"बाबांचा हा स्नायू नीट सैल होत नाही. वयाबरोबर काहींचा असा राठ होतो. घसा घास ढकलत राहतो, वाट बंद. मग सगळा जोर त्याच्या वरच्या, मागच्या भिंतीवर पडतो. तिथे जागा मुळात नाजूक असते. ती फुगत जाऊन ही पिशवी झाली. अन्न त्यात अडकतं, सडतं, म्हणून वास येतो. आडवं झालं की ते घशात परत येऊन श्वासनलिकेत उतरतं, म्हणून खोकला. आणि पोटात पुरेसं जातच नाही, म्हणून वजन उतरलं."

त्या एकेक कारण सांगत होत्या आणि माझ्यासमोर एकेक गोष्ट येत होती. काढलेल्या दाढा, मंजन, थुंकीची डबी, मांडवामागची जागा. "किती दिवसांपासून आहे?" त्यांनी विचारलं. मी दोन वर्षं म्हणालो. बाबा म्हणाले, "चार वर्सं झाले. पोराची आई गेली त्याच्यानंतर." पहिली दोन वर्षं ते आमच्यापासून लपवत होते.

आम्ही उठायला लागलो तेव्हा बाबा परत बसले. "एक इचारू का बाई? म्हंजे माह्या ताटातून कोनाले काई लागत नाई न?"

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "काय लागणार, बाबा? हा संसर्ग नाही. तुमच्या गळ्यातला एक स्नायू आहे फक्त."

"नाई, असंच," बाबा म्हणाले. "पोराले पुसाचं होतं. त्याले पुसता येत नोतं."

ताईने खिडकीबाहेर बघितलं. मी आकृतीचा कागद घडी करून खिशात घातला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

ऑपरेशन दहा-बारा दिवसांनी झालं. गळ्याला बाहेरून छेद दिला नाही. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घातली आणि पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत कापली. तो राठ स्नायू त्याच भिंतीत होता, तोही कापला गेला. दोन दिवस नुसती सलाईन, मग पाणी, मग पातळ वरण. पहिला चमचा ताईने दिला. बाबांनी तो तोंडात घेतला, सवयीने मान वळवली, बोट गळ्याकडे नेलं आणि मधेच थांबले. "गेलं," ते म्हणाले. मग त्यांनी ताईच्या हातातून वाटी घेतली आणि तोंडाला लावली. नर्स ओरडली, "बाबा, हळू!" ताई हसता हसता रडायला लागली. मी कोपऱ्यात उभा होतो. मला हसायचा किंवा रडायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

घरी आल्यावर बायकोने त्या फुलीचं ताट आमच्या ताटांत मिसळून टाकलं. आम्ही तिघं आत एकत्र जेवू लागलो. वास गेला, खोकला गेला, महिनाभरात बाबांचं अंग भरायला लागलं. मला वाटलं, आता बोलून टाकावं. एका दुपारी ते पडवीत पेपर वाचत होते, तिथे जाऊन मी बसलो.

"बाबा, एक सांगायचं होतं. टीबीचा रिपोर्ट दोन्ही वेळा चांगला आला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. ताट तसंच ठेवलं."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "मले मालूम होतं."

"कसं?"

"थुंकी तपासनाऱ्या बाईनं मलेच सांगतलं होतं पह्यलं. बाबा, तुमाले काई नाई म्हने." मग त्यांनी पान उलटलं. "म्या वाट पाह्यली."

"कशाची?"

"आता घेते पोरगा ताट अंदर, आता घेते. मंग म्हटलं, त्याले घान वाटत अशीन. वास तर मलेई ये न. मंग पाह्यनं सोडलं."

मी चुकलो म्हणालो. माफ करा म्हणालो. ते म्हणाले, "जाऊ दे न बाप्पा. तू काय डॉक्टर हायेस का?" त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती, पण ती खोटी होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ताट मिसळायला डॉक्टर असावं लागत नाही.

दिवाळीच्या आधी ताई पुन्हा आली. तिच्यासोबत मानोऱ्याला जाऊन येतो, असं बाबा म्हणाले. दोन कुर्ते, चष्मा आणि जुना रेडिओ एवढंच पिशवीत घेतलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी बोलावलं की म्हणतात, "येतो न," आणि येत नाहीत. "तठी मले गमते," असं त्यांनी एकदा बायकोला फोनवर सांगितलं. तिने मला ते दोन दिवसांनी सांगितलं. बाबा माझ्यावर रागावले आहेत का, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "राग धरला अस्ता तर बरं झालं अस्तं."

एखाद्या रविवारी मी जातो. ताईच्या अंगणात दुपारी चार-सहा म्हातारे जमतात, त्यांच्यात बाबा बसलेले असतात. जेवायला बसले की पुन्हा पहिल्यासारखे भराभर जेवतात, दाढा नाहीत त्या बाजूने चावत नाहीत एवढंच. माझी चौकशी करतात, शाळेची करतात, सुनेची करतात. माझ्यासमोर ते अगदी सहज असतात. मीच सहज नसतो. शाळेत मी अजून पचनसंस्था शिकवतो. फळ्यावर आता तो आडवा पट्टाही काढतो, त्याचं काम समजावून सांगतो आणि मुलांना कंठावर बोट ठेवायला लावतो. ते भाषण मात्र मी दुसऱ्या शिक्षकाकडे दिलं आहे. घसा बसतो, असं कारण सांगितलं.

मागच्या रविवारी निघताना बाबा जीपपर्यंत आले. जीप प्रवाशांनी भरायची होती म्हणून आम्ही निंबाखाली उभे राहिलो. तेव्हा आपणहून ते म्हणाले, "थांब न दोन दिवस. तुह्या बहिनीनं तुरीच्या शेंगा आनल्या हायेत."

"उद्या शाळा आहे बाबा," मी म्हणालो.

सोमवारी शाळेला सुट्टी होती.